आधी खाकरायचं, मग बोलायचं

तिला शांतता बघवत नसे. म्हणजे ती भांडकुदळ नव्हती, की इकडचं तिकडे करणाऱ्यांतलीही नव्हती. पण दोन माणसं समोरासमोर गप्प बसली आहेत, हे दृश्य तिला सोसायचं नाही. दूध उतू जाताना दिसलं की आपण पाण्याचा हबका मारायला धावतो, तशी ती शांततेवर शब्दांचा हबका मारायला धावायची. बसथांब्यावर अनोळखी माणसानं "आज जरा..." एवढंच म्हणावं आणि हिनं "उशीरच केला हो बसनं!" असं त्याचं वाक्य पुरं करून त्याच्या हातात द्यावं. त्याला कदाचित "आज जरा बरं वाटत नाही" म्हणायचं असेल. पण आता कोण सांगणार? बिचारा मान डोलवायचा.

अशी बाई बालवर्गाला मिळाली, हे शाळेचं नशीबच म्हणायचं. शाळेत तिला सगळे गोलबाई म्हणत. अंगानं गोल म्हणून नव्हे. तशी ती थोडीफार होती, पण ते सोडा. रोज सकाळी मुलं आली, दप्तरं खुंट्यांना लागली, की खोलीच्या मधल्या मोकळ्या जागेत मुलांचा गोल बसायचा आणि तो गोल ही चालवायची. सतरंज्यांच्या दुकानातून नमुन्याचे उरलेसुरले तुकडे मागून आणून तिनं प्रत्येकाची बैठक केली होती. कुणाची लाल, कुणाची पट्ट्यापट्ट्यांची, एकाची तर एवढी जाड की तो इतरांपेक्षा वीतभर उंच दिसायचा आणि तेवढ्यावरच खूश असायचा.

लोकांना वाटतं, लहान पोरांचा गोल घ्यायला काय लागतं? दोन गाणी म्हणायची, चार टाळ्या वाजवायच्या, आटोपलं. असं म्हणणाऱ्याला एक सकाळ बालवर्गात कोंडून बाहेरून कडी लावावी. चार वर्षांच्या मुलाचं लक्ष म्हणजे ओली साबणाची वडी. घट्ट धरली की आधी निसटते. म्हणून गोलबाई गोलाची आखणी अशी करायची की लग्नघरातल्या यजमानांनी तोंडात बोट घालावं. आधी पायांचं, मग तोंडाचं, शेवटी कानांचं, हा तिचा नियम. आधी उड्या मारणारं गाणं, म्हणजे पायांतली खुमखुमी जिरते. मग नावाचं गाणं, त्यात प्रत्येकानं आपलं नाव सांगायचं आणि एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. आणि तोंडं दमली की गोष्ट. कॉलर चघळणारा हाताच्या अंतरावर बसवायचा. दोन मावसबहिणी गोलाच्या दोन टोकांना. इंजिन नावाचा एक मुलगा होता, तो सतत कसला तरी आवाज काढायचा. त्याला खिडकीपासून लांब. कारण कचऱ्याची गाडी. ती घणघणत आली की सगळा गोल उठून खिडकीला चिकटायचा. म्हणून गाडीची वेळ साधून गोष्टीत अस्वल डरकाळी फोडायचं. कोल्ह्याची गोष्ट असली तरी त्या वेळेला अस्वल यायचंच.

या सगळ्याची रंगीत तालीम आदल्या संध्याकाळी घरी व्हायची. स्वयंपाकघरात जमिनीवर, भाजी निवडता निवडता. मुलं म्हणून हाताशी दोघं होती, नवरा आणि सासूबाई. नवरा घड्याळजी. घराला लागूनच त्याचं छोटंसं दुकान होतं, आणि भिंतीभर घड्याळं, त्यांतली निम्मी चालणारी. बोलताना तो अडखळायचा. लहानपणापासूनची खोड. पहिलं अक्षर उंबऱ्यात अडकून राहायचं आणि बाकीचा शब्द मागे ताटकळायचा. गोलबाईचं आणि त्याचं उत्तम जमायचं. तो सुरुवात करायचा, ती शेवट करायची. सासूबाई मात्र फटकळ. तालमीत त्यांचा आवडता खेळ म्हणजे गोष्ट रंगात आली की बोट वर करून "बाई, शू लागली!" असं म्हणणं.

"आई, पुरे झालं!"

"अगं, उद्या तीच होणार आहे. सवय ठेव," असं म्हणत सासूबाई पुढची शेंग मोडायच्या.

त्या वर्षी गोलात एक मुलगी आली. निळी लोकरीची टोपी, कानांवर ओढलेली, उन्हाळ्यातही. पहिल्या दिवशी नावाचं गाणं तिच्यापाशी आलं आणि तिनं तोंडात मिठाची गुळणी धरली. सगळे डोळे तिच्यावर. हनुवटी थरथरायला लागली. आता शांतता आणि गोलबाई एका खोलीत कशा नांदणार? गोलबाई टाळी वाजवून म्हणाली, "अरे, ही तर आमची टोपी! टोपी आली, टोपी आली!" मुलं खदखदून हसली, टाळ्या वाजल्या, गाणं पुढच्याकडे गेलं. मुलगी सुटली. गोलबाईलाही बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मग ते गाण्याचाच भाग झालं. टोपीची पाळी आली की सगळ्या गोलानं ओरडायचं, "टोपी आली!" प्रश्न विचारला की उत्तर गोलबाई द्यायची. "टोपीला काय आवडतं? आंबा! हो ना गं?" टोपी मान हलवायची. कधी हो म्हणून, कधी नुसतीच. फौजदार नावाची एक मुलगी होती, सगळ्यांना शिस्त लावणारी. ती तर पुढे पुढे गोलबाईच्याही आधी उत्तर द्यायला लागली. वर्ष असंच सरत आलं. टोपी शाळेत एक अक्षरही बोलली नव्हती, आणि तिचं बोलणं न अडता चाललं होतं.

मग एका दुपारी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, गोलबाईला बोलावलं. टोपीची आई आधीच तिथे बसलेली. ती इस्त्रीच्या दुकानात काम करायची. मधल्या सुट्टीत धावत आलेली, कपाळावर घाम.

"घरी बोलते हो," ती सांगत होती. "घरी तोंडाला खळ नसतो. भावाला उभा-आडवा झोडते तोंडानं. इथे काय होतं कळत नाही."

मोठ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "हे बघा, पुढच्या वर्षी अंगणापलीकडचा मोठा वर्ग. तिकडे मुलं पुष्कळ, बाई एकटी. पोरीला तहान लागली, कुठे लागलं, कुणी ढकललं, तर ती सांगणार कशी? मला भीती वाटते. तिला अजून एक वर्ष इथेच ठेवू."

"बारक्यांत?" आई उभीच राहिली. "तिच्या बरोबरीच्या सगळ्या वर जाणार आणि ही एकटी मागे? अहो, आहे तेवढीही मिटून जाईल ती."

खोलीत शांतता पडली. अर्थात ती टिकली नाही. "बोलेल हो ती!" गोलबाई म्हणाली. "मी बोलतं करते तिला."

मोठ्या बाईंनी तिच्याकडे जरा वेळ बघितलं. "शनिवारी मी गोलात येऊन बसते. एक शब्द बोलली तरी पुरे, मी तिला वर पाठवते. पण तो तिचा तिनं बोलायला हवा."

हे शेवटचं वाक्य गोलबाईला घरी जाईपर्यंत खुपत राहिलं. त्या संध्याकाळी लसूण सोलताना तिनं नवऱ्याला फर्मावलं, "अहो, आज तुम्ही टोपी व्हा."

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं. "मी क... कसा..."

"कसे म्हणजे? गप्प तर बसायचं आहे. तुम्हाला त्यात काय अवघड?"

सासूबाई फिस्सकन हसल्या. घड्याळजी निमूट मांडी घालून बसले. गाणं सुरू झालं. गोलबाईनं नवा प्रश्न काढला होता, सोपा, चुकूच शकणार नाही असा. सकाळी जाग आल्यावर सगळ्यात आधी काय ऐकू आलं? सासूबाईंनी "माझ्याच गुडघ्यांचा आवाज" असं सांगून पाळी पुढे ढकलली.

"आणि टोपी, तुला काय ऐकू आलं गं?"

घड्याळजींनी तोंड उघडलं. "म..."

"मांजर! टोपीला मांजर ऐकू आलं! वाजवा टाळ्या!"

सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. घड्याळजींनी नाही वाजवल्या.

"मी बो... बोलणार होतो," ते म्हणाले.

"मग बोला की."

"आता क... काय. झालं की तु... तुझं मांजर." हसूनच म्हणाले ते, पण उठले आणि दुकानात निघून गेले.

"काय झालं यांना?" गोलबाईनं विचारलं.

सासूबाई लसणाच्या पाकळीकडे बघत राहिल्या. नेहमीचा फटका त्यांच्या आवाजात नव्हता. "अगं, तू या घरात आल्यापासून त्यानं एक वाक्य स्वतः पुरं केलेलं मला आठवत नाही. तुला नावं ठेवत नाही मी. तुझ्याआधी मीच पुरी करायचे. लोक हसायचे त्याला, मला सोसायचं नाही. मग तू आलीस, आणि मी सुटले."

गोलबाईच्या हातातला लसूण हातातच राहिला. तिला पहिल्या दिवसाची ती थरथरती हनुवटी आठवली, आणि "टोपी आली" म्हणून वाजलेल्या टाळ्या. आपण पोरीला सोडवलं असं तिला वाटत होतं. खरं तर तिनं दार उघडायच्या आधीच आपण बाहेरून बोललो, रोज, वर्षभर. मायेनं केलं, हे खरं. पण मायेनं दार लावलं तरी ते लागतंच. त्या विचारानं तिला भडभडून आलं, आणि त्यात लसणाचा काही संबंध नव्हता.

बरं, कळलं म्हणजे वळलं असं थोडंच असतं? दुसऱ्या दिवशी गोलात टोपीची पाळी आली तेव्हा गोलबाईनं ओठ आवळून धरले. आणि सगळा गोल एका सुरात ओरडला, "टोपी आली!" फौजदारनं तर प्रश्नही विचारून टाकला आणि उत्तरही दिलं. गोलबाईनं बोटानं गप्प राहायची खूण केली, तर ते दुप्पट जोरात ओरडले. त्यांना वाटलं, बाई विसरल्या, आपण आठवण करून देऊ. जे पेरलं तेच उगवलं होतं, आणि तेही एकसाथ. आता एकटीनं थांबून भागणार नव्हतं. सगळ्या गोलाला थांबायला शिकवायचं होतं. शांतता आखायची होती. आयुष्यात तिनं सगळं आखलं होतं, अस्वलाची डरकाळीसुद्धा, पण शांतता कधी नाही.

घरी येऊन ती थेट दुकानात शिरली. "अहो, पोरं थांबतील अशी काही..." आणि तिथेच तिला पुढचं सुचेना.

घड्याळजी तिच्याकडे बघत राहिले. त्यांनी तिचं वाक्य पुरं केलं नाही. तिचा शब्द तिचा तिला सापडेपर्यंत ते हातातला पेचकस खाली ठेवून वाट बघत बसले.

"...अशी काही वस्तू आहे का तुमच्याकडे?"

ते उठले. कोपऱ्यात एक जुनं लाकडी घड्याळ होतं, कुणीतरी दुरुस्तीला टाकलं ते न्यायलाच आलं नव्हतं. त्यांनी मोठा काटा बोटानं फिरवून एकच्या ठोक्यावर आणला. घड्याळाच्या पोटातून आवाज आला, खर्रर्रर्र. आणि मग काहीच नाही. गोलबाईला वाटलं, बिघडलंय. ती तसं म्हणणार, एवढ्यात घड्याळजींनी हात वर केला. आणखी थोडा वेळ गेला. मग कुठे घड्याळ बोललं, टण्ण.

"स्प्रिंग थ... थकलीये," ते म्हणाले. "आधी खा... खाकरतं. मग बोलतं."

गोलबाईनं ते वाक्य पुरं ऐकलं. तिला ते जड गेलं, आता खोटं कशाला बोला, पण ऐकलं.

दुसऱ्या दिवशी घड्याळ गोलाच्या मधोमध बसलं. "हे आजोबा आहेत," गोलबाई म्हणाली. "आजोबा आधी खाकरतात. मग बोलतात. त्यांच्या खाकरण्यात आणि बोलण्यात जो मध्ये बोलेल, त्याच्यावर आजोबा रुसतात." खर्रर्रर्र. मुलांनी तोंडावर हात दाबले. डोळे बशीएवढे झाले. टण्ण झाल्यावर असा काही जल्लोष झाला की मोठ्या वर्गाच्या बाई अंगण ओलांडून बघायला आल्या.

मग खेळ पुढे सरकला. प्रत्येकानं आपल्या पाळीला आधी घड्याळासारखं खाकरायचं, मग हवं तितकं थांबायचं, मग बोलायचं. इंजिनला तर स्वर्ग दोन बोटं उरला, कारण आवाज काढायची उघड परवानगी त्याला जन्मात पहिल्यांदा मिळाली होती. जो जास्त थांबेल तो भारी, असं मुलांनी आपसांत ठरवून टाकलं. टोपीची पाळी आली की ती आजोबांकडे टक लावून बघायची, आणि बऱ्याच वेळानं गोलबाई नुसती मान हलवून पाळी पुढे द्यायची. "टोपी आली" बंद झालं. पण टोपी खाकरलीही नाही, बोललीही नाही. शुक्रवारच्या तालमीत गोलबाईला धड गाणं सुचलं नाही. सासूबाईंनासुद्धा शू लागली नाही.

शनिवारी मोठ्या बाई आल्या. मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून बसल्या. पायांचं गाणं झालं. मग प्रश्न. सकाळी सगळ्यात आधी काय ऐकलंस?

खर्रर्र. "बाबांचं घोरणं."

खर्रर्र. "नळ. नळ थेंबथेंब रडत होता."

इंजिननं एवढं लांब खाकरलं की स्वतःचं उत्तरच विसरला. हसू उसळलं, विरलं. आणि पाळी टोपीपाशी आली.

टोपी आजोबांकडे बघत होती. गोलबाई जमिनीकडे बघत होती. मोठ्या बाईंची खुर्ची करकरली.

"खर्रर्रर्र," टोपी म्हणाली.

अगदी बारीक. पण सगळ्यांनी ऐकलं. फौजदारनं दोन्ही हात तोंडावर दाबले आणि त्यावर गुडघाही दाबला. कुणी हललं नाही. आणि नेमकी त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याची गाडी घणघणली. शनिवारी गाडी लवकर येते, हे गोलबाई या धांदलीत विसरली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे अस्वल तयार नव्हतं. तिच्या जिभेवर शब्द येऊन उभे राहिले. "सांग गं, सांग, काय ऐकलंस? आईनं हाक मारली, हो ना?" एवढं म्हटलं असतं तर पोरीनं मान तरी हलवली असती. तिनं आपली जीभ दातांखाली धरली, खरोखरच, दुखेपर्यंत. मुलांचे डोळे खिडकीकडे गेले. पण एकही उठलं नाही. आजोबा रुसले असते ना. गाडी थांबली, डबे आदळले, गाडी गेली.

मग टोपी बोलली.

"माझं नाव टोपी नाही."

गोलबाईनं मान वर केली. मुलीची हनुवटी थरथरत होती, पहिल्या दिवशीसारखीच. पण या वेळी तिला सोडवायला कुणी धावलं नाही. मुलीनं श्वास घेतला आणि आपलं नाव सांगितलं. स्पष्ट, आडनावासकट.

ते नाव इथे लिहीत नाही. वर्षभर तिच्या वतीनं दुसऱ्यांनीच पुष्कळ बोलून घेतलं आहे. कुणाला हवं असेल त्यानं तिलाच विचारावं, आणि थांबावं.

"चुकलं माझं," गोलबाई म्हणाली. सगळ्यांसमोर, त्या चिमुरडीला. "मी आधी विचारायला हवं होतं." बाकी मुलांनी ते नाव दोनदा तोंडात घोळवून बघितलं, आणि फौजदारनं लगेच जाहीर केलं की जो यापुढे टोपी म्हणेल त्याला ती बघून घेईल. मोठ्या बाई खुर्चीतून कशाबशा सुटल्या. दारात गोलबाईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "वर जाऊ दे तिला." डोळे त्यांचेही ओले होते, पण मुख्याध्यापिका ना, लगेच मुलांना रांग करायला सांगितलं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात गोलबाईनं सगळं सांगितलं. सासूबाईंनी दोनदा डोळे पुसले आणि दोन्ही वेळा कांद्याला दोष दिला. मग बोलणं संपलं. घड्याळजी चहाचा कप हातात धरून बसले होते.

"त्या दि... दिवशी," ते म्हणाले, "मां... मांजर नव्हतं."

गोलबाईच्या ओठांवर "मग काय होतं?" आलं. तिनं ते गिळलं. हातातली सुरी खाली ठेवली आणि त्यांच्याकडे तोंड करून बसली.

"मला..." ते थांबले. कप खाली ठेवला. पुन्हा सुरुवात केली. "मला रो... रोज सकाळी... आधी तू... तूच ऐकू येतेस. गो... गोलाचं गाणं म्हणत असतेस. चहा क... करताना." ते पुन्हा थांबले. वाक्य अजून संपलं नव्हतं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना ते संपवायला कुणी घाई करत नव्हतं. "म्हणून मी लव... लवकर उठत नाही. पडून ऐ... ऐकतो."

गोलबाईला काही म्हणायचं होतं. तोंड उघडलं, पण एक शब्द सापडेना. सासूबाईंना ही शांतता असह्य झाली. त्या पुढे सरसावल्या, "अगं, तिला म्हणायचंय की..."

घड्याळजींनी आईकडे बघितलं, बोट वर केलं, आणि घशातून आवाज काढला.

खर्रर्रर्र.

सासूबाईंनी मुकाट्यानं तोंडावर हात ठेवला.